निजून बघायचं छत

लाडलेसाब मिस्त्री कामाला आले की आधी चपला काढायचे, मग डोक्यावरची टोपी काढायचे, आणि मग ज्या खोलीचं काम असेल तिच्या मधोमध जमिनीवर सरळ उताणे व्हायचे. घरमालक चहाचं विचारतोय, मालकीण गडबडीनं चटई शोधतेय, आणि मिस्त्री आपले पोटावर हात बांधून वर टक लावून पडलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला घेरी आली. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, तर पाण्याचा तांब्या घेऊन धावले होते. मिस्त्रींनी पडल्या पडल्याच हात वर केला.

"पानी नक्को, आप्पा. मी छताशी बोलायलोय. तुम्ही बी या, लेटा जरा."

आप्पा लेटले नाहीत. कळंबच्या भुसार पेठेतला आडत्या भर दुपारी सुताराशेजारी फरशीवर आडवा होईल कसा? तांब्या हातात घेऊन ते तसेच उभे राहिले आणि शेवटी ते पाणी स्वतःच प्यायले.

लाडलेसाब तक्तपोशी करायचे. आमच्याकडची घरं माळवदाची. तुळया, तुळयांवर काटक्या, काटक्यांवर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, पण वरून मातीची भुरभुर चोवीस तास. जेवणात माती, अंथरुणात माती, नव्या साडीवर माती. म्हणून ज्याची ऐपत असेल तो तुळयांखाली फळ्या मारून घ्यायचा, तीच तक्तपोशी. बाकीचे सुतार साध्या फळ्या मारायचे. लाडलेसाब त्या फळ्यांवर कोरायचे आणि रंगवायचे. वेली, फुलं, सांगाल ते. येरमाळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात ते राहायचे. हत्यारांची पेटी बैलगाडीत टाकून गावोगाव फिरायचे, आणि त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या झोपण्याचीच कीर्ती मोठी होती.

त्यांचं बोलणं दख्खनीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. "खडे आदमीकू छत नक्को," असं ते म्हणायचे. "उभा माणूस दार बघतोय, खुंटी बघतोय, दुसऱ्याचं तोंड बघतोय. छत कोण बघतोय? जो लेटलाय तो. आजारी, म्हातारा, बाळंतीण. छत त्यांचं असतंय." म्हणून पहिला प्रश्न ठरलेला. फळ्या किती, लाकूड कोणतं, हे सगळं नंतर. पहिल्यांदा विचारायचे, "इथं लेटणार कोण?"

एका म्हाताऱ्या पाटलाची मान वाऱ्यानं धरली होती. त्यांच्या खोलीत मिस्त्रींनी खाटेच्या बरोबर वर तेवढं एक आंब्याचं झाड कोरलं, पाडासकट. उरलेलं छत कोरं. पाटलाचा मुलगा म्हणाला, मिस्त्री, बाकीचं काम? तर म्हणाले, "बाकीचं बघणार कोण? त्यांची मान तिकडं वळती का?" उलट एका बड्या अंमलदारानं बैठकीला छत करायला बोलावलं, तेव्हा मिस्त्रींनी त्याला आधी लेटायला सांगितलं. अंमलदार भडकला. मिस्त्रींनी टोपी घातली, पेटी उचलली आणि बाहेर येऊन गाडीवानाला म्हणाले, "साहेबाला छत नक्को. पाव्हण्यांनी आ करावा एवढंच पायजे. त्याला भिंतीवर वाघाचं तोंड लावा म्हणावं."

अशा माणसाची आणि माझी गाठ पडली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि मीच लेटलेली होते.

त्याचं कारण सांगते. लग्नानंतर माझी दोन बाळं गेली होती. एक पाचव्या महिन्यात, दुसरं सहाव्या. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा गंगू सुईण खाटेजवळ बसली, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, आता हिची पाठ खाटंवरनं हलली न्हाय पायजे. बाळंत होईस्तवर. उठली की हे बी जाईल."

आता मी मूळची जळकोटची. आमचं घर अगदी हमरस्त्यावर. लहानपणापासून रस्त्यावर काय आलं, काय गेलं, हे बघायला दिवसातून पन्नास वेळा उठून पळणारी पोर. सासरी आल्यावर आत्याबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला चाकं हायत." अशा मुलीला पाच-सहा महिने पाठीवर निजवणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी वासरू खुंट्याला बांधलंय त्यालाच कळेल. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा चोरून उठले. एकदा दारात बहुरूपी आला म्हणून, आणि एकदा, सांगायला लाज वाटते, कैरीच्या फोडीसाठी. दुसऱ्या वेळी आत्याबाईंनी पकडलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मग मात्र मी हलले नाही.

पण वरून माती पडायची. आणि एक दिवस मातीबरोबर विंचू पडला, माझ्या पायथ्याशी! मी न उठता अशी किंचाळले की पेठेतले हमाल पोती टाकून धावत आले. विंचू मेला. त्याच दिवशी मला माजघरात हलवलं आणि आतल्या खोलीच्या तक्तपोशीसाठी आप्पांनी लाडलेसाबांना निरोप धाडला.

मिस्त्री आत लेटलेले असताना माझी खाट माजघरात, खोलीच्या दारालगत होती. दार अर्धं लोटलेलं. फटीतून मला फक्त मिस्त्रींचं टक्कल दिसत होतं. हे टक्कल लक्षात ठेवा, पुढं लागेल.

"इथं लेटणार कोण, बाई?" मिस्त्रींनी आतूनच चुलीपाशी बसलेल्या आत्याबाईंना विचारलं.

"सून. बाळंतपण हाय."

"मग तिला काय बघायचंय?"

"तिला काय इचारायचं? मधी कमळ काढा, चार कोपऱ्यात चार मोर काढा. झालं."

"मोर तुम्ही बघणार का ती बघणार? तुम्ही तर चुलीकडं बघणार."

आत्याबाईंना असं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला राहवेना. दाराआडून मी ओरडले, "पोपट! लई पोपट! आन् आमच्या जळकोटची विहीर. तिच्यावरची बाभळ, सुगरणीच्या खोप्यासकट. आन् मोटार!"

"मोटार?" मिस्त्री उठून बसले असावेत, टक्कल दिसेनासं झालं.

"सर्व्हिस मोटार! आमच्या दारावरनं जाती ती. टपावर बोचकी, कोंबड्यांची खुराडी, आन् आत माणसंच माणसं!"

"मोटारीखाली बाळंत होनार व्हय गं?" आत्याबाई म्हणाल्या. पण मिस्त्री खुशीत आले होते. त्यांचा आवाज दारापाशी आला. "बेटी, मोटार म्या आजवर कुनाच्या छताला काढली न्हाय. माणसं किती बसवू?"

"मावतील तेवढी!"

पाच आठवडे आमच्या अंगणात नुसती धमाल चालली होती. लढाईचे दिवस. बाजारात रंगाचे डबे मिळेनात, लोखंडी खिळे मिळेनात. मिस्त्रींनी गेरू कुटला, नीळ खलली, दिव्यांची काजळी गोळा केली. रंग धरायला सुतार लोक सरस घालतात, पण सरस जनावराच्या कातड्यापासून होतो हे आत्याबाईंना चालणार नाही, हे त्यांनी न विचारताच ओळखलं आणि बाभळीचा डिंक वापरला. आत्याबाई त्या दिवसापासून त्यांच्या चहात जास्त दूध घालू लागल्या. पोपटांचा हिरवा रंग मात्र कशाचा, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "पोपटालाच इचारा," म्हणायचे.

मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. रोज अंगणातून ओरडून खबर यायची. "बेटी, विहिरीला पानी आलं!" "बेटी, आज सहा माणसं बसली. डायवर बाकी हाय!" मी खाटेवरून ओरडायची, "त्याला मिशा काढा!" गंगू सुईण म्हणायची, "हळू बोल गं, पोटातलं दचकंल." पण तीसुद्धा जाता-येता अंगणात थांबून माणसं मोजायची. आमचे हे तहसील कचेरीत कारकून, दिवसभर उर्दूत कागद लिहून आलेले. तेसुद्धा संध्याकाळी हातपाय धुवायच्या आधी अंगणात जाऊन यायचे आणि माझ्याकडे येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "कंडक्टर उतरलाय वाटतं."

फळ्या चढल्या. खिळ्यांच्या जागी मिस्त्रींनी बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, घट्ट. म्हणाले, "आता हे छत माळवद पडलं तरच पडंल."

माझा सातवा महिना लागला होता. मागची दोन्ही बाळं ज्या महिन्यांत गेली ते दोन्ही महिने मागे पडले होते. चार जणांनी माझी खाट उचलून त्या खोलीत न्यायचं ठरलं. खोली दक्षिणोत्तर लांब, दार उत्तरेला. सकाळपासून दारात ही गर्दी! जो दारात यायचा तो मान वर करायचा आणि "अबब!" म्हणायचा. आप्पा, शेजारच्या बायका, हमाल, सगळे. मिस्त्री ओसरीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. माझा निकाल ऐकल्याशिवाय ते जाणार नव्हते.

मी डोळ्यांवर पदर घेतला होता. खाट आत आली, ठेवली. डोकं दक्षिणेला, जसं आपल्यात असतं. मी पदर काढला.

सगळं उलटं!

विहीर पालथी. बाभळीचा बुंधा वर आणि शेंडा खाली. पोपट वटवाघळांसारखे लोंबतायत. आणि मधोमध माझी सर्व्हिस मोटार, चाकं आभाळात, टप खाली, आतली सगळी माणसं डोक्यावर उभी, आणि मिशावाला ड्रायव्हर तशाही अवस्थेत रुबाबात!

मी हसू लागले. थांबता येईना. गंगू ओरडली, "हसू नको! पोट हलतंय!" त्यानं आणखीच हसू आलं. आत्याबाईंना वाटलं मला काहीतरी झालं. मी नुसतं वर बोट दाखवलं. त्या माझ्या उशाशी आल्या, वाकल्या, माझ्या डोक्याच्या बाजूनं वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मिस्त्री!" त्यांनी ओसरीकडे हाक मारली. "तुम्ही निजला व्हता तवा डोकं कुनीकडं होतं?"

मिस्त्री दारात आले. "उत्तरेला. का?"

"उत्तरेला? आमच्यात उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं!"

मिस्त्रींच्या हातातली टोपी हातातच राहिली. "आमच्यात पाय मगरिबला, पश्चिमेला करत न्हाईत, बाई. डोकं उत्तरेला, पाय दक्खनला. जन्मभर तसंच लेटलो. दुसऱ्या तऱ्हेनं बी लेटतेत, हे ध्यानातच आलं न्हाय." मग त्यांनी विचार केला असावा. याआधीची सगळी घरं आठवली असावीत. हळूच म्हणाले, "पाटलाचं झाड त्यांची खाट बघून काढलं, बाकीच्या घरांतनी वेलीच होत्या. वेलीला उलटं-सुलटं नसतं. बेटीनं मोटार मागितली."

आता कबूल करते. ते निजले तेव्हा फटीतून मला त्यांचं टक्कल दिसत होतं, म्हणजे डोकं दाराकडे, म्हणजे उत्तरेला, हे मला कळलं होतं! मी शहाणीनं तोंड उघडलं नाही. म्हटलं, आत्याबाईंना सांगावं तर बाळंतिणीच्या खोलीत कोणी असं निजलं म्हणून त्या माणसाला बाहेर काढतील, आणि मग पोपट गेले. पोपटांच्या लोभापायी मी गप्प बसले. हे मी त्या दिवशीही बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मिस्त्री म्हणाले, सगळं उतरवतो, परत फिरवून बसवतो. पण खुंट्या घट्ट बसल्या होत्या. काढायच्या तर दोन-तीन दिवस घणाचे दणके, आणि निम्म्या फळ्या चिरणार. गंगूनं कमरेवर हात ठेवले. "या घरात एक दणका चालायचा न्हाय. आन् हिची खाट बी आता परत हलवायची न्हाय. सांगून ठेवते."

"खाट फिरवा मग," हमालांतला एक म्हणाला. आत्याबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो थेट पेठेत जाऊन थांबला.

मिस्त्री दारातूनच मला म्हणाले, "माफ कर, बेटी. दुनियेला लेटवणारा मी, अन् मीच चुकीचा लेटलो." समोर ठेवलेला चहा तसाच टाकून ते गेले. पेटी गाडीवानानं नंतर नेली.

मला एकाएकी हसू थांबून रडू आलं. तेव्हा गंगूनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "येडे, पोटातलं लेकरू बी खाली डोकं करूनच असतंय. त्याला समदं सरळच दिसत आसंल."

हे वाक्य तिनं मला गप्प करायला टाकलं होतं. मी ते धरून बसले. जवळजवळ तीन महिने! रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं काम, पोटावर हात ठेवून पोटातल्याला छत सांगायचं. हा बघ ड्रायव्हर. ही बघ कोंबड्यांची खुराडी. उलटं बघायची एक गंमत असते, ते लवकर संपत नाही. सरळ असतं तर आठ दिवसांत पाठ झालं असतं आणि मी पुन्हा दाराकडे पळाले असते. उलटं असल्यामुळे एकेक माणूस ओळखायलाच वेळ लागायचा. पंधराव्या दिवशी मला कळलं की मागच्या बाकावर खाटेवर नेतात तशी एक बाई आडवी निजली आहे, आणि तिच्या अंगावर माझ्या साडीसारखी साडी आहे. मिस्त्रींनी मला जळकोटच्या मोटारीत बसवलं होतं! त्या दिवशी मी उठले असते तर नाचले असते. उठले नाही.

मुलगी झाली. नऊ महिने पुरे भरून, खणखणीत आवाजाची. नाव शालन. आप्पांनी मिस्त्रींना पेढे धाडले. पेढे घेतले, पण ते आले नाहीत. गंगूला येरमाळ्याच्या बाजारात भेटले तेव्हा एवढंच विचारलं, "मोटार अजून उलटीच हाय का?"

शालन त्या छताखाली वाढली. तिसऱ्या वर्षी कळंबच्या मोटार अड्ड्यावर तिनं पहिल्यांदा खरी मोटार बघितली आणि आप्पांच्या खांद्यावरून रडकुंडीला येऊन ओरडली, "आजोबा, मोटार उलटी झाली!" सगळा अड्डा हसला. मिस्त्रींच्या कानावर हेसुद्धा गेलं. कुणीतरी हसवायला सांगितलं होतं, पण ते हसले नाहीत म्हणे.

मधे ती वर्षं आली. रझाकारांची, मग पोलीस ॲक्शनची. त्या दिवसांत कोण कुठं आहे हे मोठ्यानं विचारायची सोय राहिली नव्हती. निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, आमचे हे चाळिशीच्या आत पुन्हा बाराखडी गिरवायला बसले. मिस्त्रींची काही खबर नव्हती.

आणि एका दुपारी ते दारात उभे! वाळलेले, काठी टेकत, डोळ्यांत मोतीबिंदू. हत्यारांची पेटी नव्हती. आप्पांनी "या, या!" म्हणत हात धरून वर घेतलं. मिस्त्री ओसरीवर टेकले, पण आत येईनात. म्हणाले, "हात थांबलेत आता. उलटं काम मागं ठेवून जायचं म्हंजे मनाला लागतंय. पोराला घेऊन येतो, हळूहळू खुंट्या काढतो. आता तर बाळंतीण न्हाय ना आत?"

आप्पा माझ्याकडे बघू लागले. मी काही बोलायच्या आत आत्याबाई उठल्या. खोलीत गेल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. दारातून बघते तर त्यांनी पेटीतली नवी वाकळ काढली होती. खोलीच्या मधोमध अंथरली, झटकली, आणि उशी हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. मग ती उशी उत्तरेच्या बाजूला ठेवली. ज्या बाईनं जन्मात त्या दिशेला ओला टॉवेलसुद्धा वाळत घातला नसता, तिनं स्वतःच्या हातानं ठेवली.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आधी लेटा. मग बोला."

मिस्त्रींनी चपला काढल्या, टोपी काढली. आत आले. आडवे झाले. शालनही धावत जाऊन त्यांच्या शेजारी तशीच, उत्तरेला डोकं करून पडली. आत्याबाईंनी तिला उठवलं नाही.

"अगं आई!" शालन किंचाळली. "मोटार सुलटी झाली!"

मिस्त्रींना नीट दिसत नव्हतं. ते म्हणाले, "सांग बघू, काय काय दिसतंय?" आणि ती सांगू लागली. विहीर, तिच्यात पाणी, बाभळ, खोपे, पोपट, ड्रायव्हरच्या मिशा, मागच्या बाकावरची आई. प्रत्येक गोष्टीवर मिस्त्री "हौ, हौ" करत होते आणि बोटानं हवेत तिची जागा दाखवत होते. एकही बोट चुकलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "काम चांगलंय. एक पोपट जाड झालाय."

"खुंट्या काढायच्या का?" आप्पांनी विचारलं.

"कायकू?" मिस्त्री म्हणाले. "एकीनं उलटं बघितलं, एकीनं सुलटं. एका छतात दोन झाले." आणि त्या दिवशी त्यांनी चहा घेतला, दोन वेळा.

पुढच्या वर्षी ते गेल्याची खबर गंगूनंच आणली. आत्याबाई तेव्हा त्याच खोलीत निजायच्या, अर्थात दक्षिणेला डोकं करून. खबर ऐकून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी फटीतून बघितलं, सवय जात नाही. मला त्यांच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. डोकं दाराकडे.

मी पाऊल न वाजवता मागे सरले, तोच आतून त्यांचा आवाज आला.

"सूनबाई, आत ये. सतरा माणसं बसवलीत गं त्यानं. मी आपली इतकी वर्षं चाकंच मोजत होते."